चालता चालता बंद पडणारा कॉम्प्युटर: भाग बदलण्याआधी काय तपासायचं?

आजचा विषय ज्यांनी सुटे भाग आणून स्वतः कॉम्प्युटर जोडलाय, त्यांच्यासाठी आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचं नेहरू प्लेस, बेंगळुरूचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट, तुम्ही प्रोसेसर एका दुकानातून घेतला, एसएमपीएस दुसरीकडून, ग्राफिक्स कार्ड ऑनलाइन. घरी बसून जोडलं, चालू झालं, आनंद झाला. आणि एक दिवस काम चालू असताना स्क्रीन काळी झाली.

इथे तयार कॉम्प्युटर आणि असेंबल केलेला कॉम्प्युटर यांतला खरा फरक कळतो. तयार मशिन बिघडलं की एका कंपनीला फोन करायचा. आपल्या मशिनमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, आणि सगळं मिळून जे यंत्र झालंय त्याची वॉरंटी कुणाचीच नाही. एसएमपीएसवाला म्हणतो मदरबोर्ड बघा, मदरबोर्डवाला म्हणतो रॅम बघा, रॅमवाला म्हणतो आमची रॅम टेस्टिंगमध्ये पास आहे. खोटं कुणीच बोलत नाही, पण खिसा आपला रिकामा होतो. म्हणून निदान आपल्यालाच करावं लागतं, आणि ते करता येतं. एकेक पायरी घेऊ.

पहिली पायरी म्हणजे 'बंद पडतो' या दोन शब्दांचा नेमका अर्थ लावणं. माझ्याकडे विचारणारे दहापैकी नऊ जण एवढंच सांगतात, 'सर, बंद पडतो.' पण बंद पडण्याचे निदान चार प्रकार आहेत. एक, स्क्रीनवर 'शटिंग डाउन' असं दिसतं आणि रीतसर बंद होतो. दोन, निळी स्क्रीन येते, मग पुन्हा सुरू होतो. तीन, खटकन काळोख आणि आपोआप पुन्हा सुरू. चार, खटकन काळोख, आणि मग बटण दाबलं तरी काही वेळ ढिम्म हलत नाही.

हे चार वेगवेगळे आजार आहेत. रीतसर बंद होत असेल, तर ते बहुतेक सॉफ्टवेअरचं काम: अपडेट, एखादं सेटिंग, एखादा प्रोग्रॅम. निळी स्क्रीन आली म्हणजे वीज शाबूत होती, विंडोजला शेवटचा शब्द बोलायला वेळ मिळाला. तिथे रॅम, ड्रायव्हर, डिस्क यांच्यावर संशय घ्यावा. मात्र खटकन काळोख झाला, तर विंडोजच्या पायाखालची सतरंजीच कुणीतरी ओढली. तिथे वीज, उष्णता किंवा सुटलेली जोडणी.

कधीकधी निळी स्क्रीन इतकी पटकन येऊन जाते की दिसतच नाही. म्हणून विंडोजमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' या सेटिंगमधली 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची खूण आधी काढून टाका. मग निळी स्क्रीन असेल, तर ती थांबून राहील.

त्यानंतर 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. १०७४ क्रमांकाची नोंद असेल, तर कुणीतरी, म्हणजे माणसाने किंवा प्रोग्रॅमने, रीतसर बंद करायला सांगितलं होतं. कोणी, ते नावही तिथेच असतं. आणि जी नोंद बघून लोक घाबरतात ती म्हणजे 'कर्नल-पॉवर ४१'. लोक म्हणतात, 'पॉवर लिहिलंय, म्हणजे एसएमपीएस गेला.' तसं नाही. ४१ ही नोंद कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाल्यावर लिहिली जाते. तिचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मी रीतसर बंद झालो नव्हतो. तो पंचनामा आहे. मृत्यू झाला हे त्यात आहे, कशाने झाला हे नाही. त्या नोंदीच्या तपशिलात 'बगचेककोड' शून्य असेल, तर विंडोजला काही कळायच्या आत वीज गेली किंवा यंत्र गोठलं, इतकं समजा.

दुसरी पायरी, वही. हो, साधी कागदाची वही. दर वेळी पाच गोष्टी लिहायच्या: तारीख आणि वेळ, सुरू करून किती वेळ झाला होता, काय काम चालू होतं, बंद कसा झाला, म्हणजे चारपैकी कोणता प्रकार, आणि पुन्हा सुरू कसा झाला. सात-आठ नोंदी झाल्या की आजार स्वतःच बोलायला लागतो.

इथे एक खरं उदाहरण सांगतो. इंदूरला माझी मावसबहीण असते. तिचा मुलगा लग्नांचे व्हिडिओ एडिट करून देतो, घरबसल्या. मशिन त्याने स्वतः जोडलेलं: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. रेंडरला लावलं की मध्येच बंद. ब्राउझर, मेल, साधं काम असेल तर दिवसभर काही नाही. दुकानदाराच्या सल्ल्याने एसएमपीएस बदलून झाला होता. फरक नाही. मग मदरबोर्ड बदला असं सांगण्यात आलं, खर्च चौदा हजार. इकडे एका लग्नाचा व्हिडिओ दोनदा लांबलेला, आणि मुलीकडच्यांनी उरलेले पैसे अडवून धरलेले. तो मला फोनवर म्हणाला, 'मामा, मी बोर्ड घेऊन टाकतो, विषय संपवतो.' मी म्हटलं, 'आठवडाभर थांब आणि वही घाल.' त्या वहीत काय निघालं ते ओघात सांगतो. आधी नेहमीचे संशयित बघू.

पहिला संशयित, उष्णता. तिची चाल ओळखता येते: मशिन सुरू करताच बंद पडत नाही, भार पडल्यावर काही मिनिटांनी पडतं, आणि लगेच सुरू केलं तर पुढच्या वेळी लवकर पडतं, कारण अजून गरम असतं. प्रोसेसर काही अडाणी नसतो. मर्यादा आली की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. रायझन ५६०० ची मर्यादा ९० अंश सेल्सिअस, रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५, इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची १००. वेग कमी करूनही तापमान चढतच राहिलं, तर तो स्वसंरक्षणासाठी वीज तोडतो. म्हणजे उष्णतेने मशिन बंद पडत असेल, तर त्याआधी ते मंदावलेलं असतं. हे लक्षात ठेवा.

तपासायचं कसं? 'एचडब्ल्यूइन्फो' नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो दर दोन सेकंदांनी तापमान फाइलमध्ये लिहून ठेवतो. मशिन बंद पडलं तरी फाइल उरते, तिच्या शेवटच्या ओळी बघा. ९५-१०० अंश दिसले तर कूलरकडे वळा. नव्या मशिनमध्ये कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म काढायची राहून गेलेली असते. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार खुंट्या असतात, त्यांतली एखादी नीट बसलेली नसते. हाताने हलवून बघा. जुन्या मशिनमध्ये थर्मल पेस्ट वाळते आणि पंख्यात धूळ बसते. नागपूरला, इंदूरला मे महिन्यात खोलीतच ४० अंश असतील, तर थंडीत ७० वर चालणारा प्रोसेसर तेव्हा ८५ च्या पुढे जाणारच. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलं असेल, तर दुसरं काही शोधायची गरज नाही.

भाच्याच्या फाइलमध्ये शेवटचा आकडा होता ७८ अंश. वेग पूर्ण. उष्णता निर्दोष सुटली.

दुसरा संशयित, एसएमपीएस. हा डबा भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेतो आणि १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देतो. प्रमाणानुसार यात पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ च्या जागी ११.४ ते १२.६. याशिवाय तो मदरबोर्डला एक सतत इशारा देत असतो, 'माझं ठीक चाललंय.' राखाडी वायरमधून जाणारा हा 'पॉवर गुड' संकेत तुटला की बोर्ड त्याच क्षणी काम थांबवतो. खटकन काळोख होण्यामागचं यंत्र हेच.

चांगल्या एसएमपीएसमध्ये संरक्षण असतं: जास्त करंट, जास्त भार, शॉर्ट सर्किट झालं की तो स्वतःला कुलूप लावून घेतो. बहुतेक वेळा हे कुलूप समोरच्या बटणाने उघडत नाही. मागचा स्विच बंद करून काही सेकंद थांबावं लागतं. म्हणून वहीतला पाचवा रकाना महत्त्वाचा. बटण दाबताच सुरू झाला की मागचा स्विच बंद-चालू करावा लागला? दुसरं असेल, तर एसएमपीएसचं संरक्षण काम करतंय, आणि त्याला ते का करावं लागतंय ते शोधायचं.

एक कारण ग्राफिक्स कार्ड. कार्डावर २२० वॅट लिहिलेलं असलं, तरी क्षणाच्या बारीकशा तुकड्यात ते त्याहून बरंच जास्त ओढतं. हे झटके इतके वाढले, की २०२२ मधल्या एटीएक्स ३.० या प्रमाणात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसावा अशी अपेक्षा घातली गेली. त्यामुळे बेरीज-वजाबाकीत पुरेसा वाटणारा जुना एसएमपीएसही गेम सुरू झाला की कुलूप लावून बसू शकतो. तसंच कार्डाला दोन आठ-पिनी जागा असतील, तर एकाच केबलच्या दोन शेपट्या लावू नका, दोन वेगळ्या केबल लावा. आठ पिनांची एक जोडणी प्रमाणानुसार १५० वॅटसाठी आहे. मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरसाठी वेगळी जोडणी असते, ती पूर्ण आत गेलीय का, 'टक' वाजलं का, तेही बघा.

आणि तीन ताकिदी. एक, एसएमपीएस उघडू नका. २३० व्होल्टची वीज आत डीसी होते तेव्हा ३२५ व्होल्टच्या आसपास जाते, काही डब्यांत त्याहूनही वर, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ती काही काळ राहते. दोन, मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला लावू नका. डब्याच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते. बसते म्हणून लावली, तर हार्ड डिस्क जळते. तीन, '८० प्लस'चा शिक्का म्हणजे वीज वाया किती कमी जाते याचा दाखला. आतल्या संरक्षणाचा तो दाखला नाही.

भाच्याचं मशिन कधी आपोआप सुरू व्हायचं, कधी बटण दाबल्यावर, पण मागचा स्विच कधीच हलवावा लागला नव्हता. म्हणजे कुलूप लागत नव्हतं. शिवाय डबा नवा. इथपर्यंत आलो तेव्हा मला मदरबोर्डचा संशय कमी आणि बाहेरचा संशय जास्त वाटायला लागला.

त्याआधी किरकोळ वाटणारे पण फसवे प्रकार पटकन सांगून टाकतो. कॅबिनेटचं पॉवर बटण आत अडकून राहतं. चार सेकंद दाबून धरलं की मशिन सक्तीने बंद होतं हे आपल्याला माहीत आहे. अडकलेलं बटण तेच करतं. मशिन दर वेळी चार-पाच सेकंदांत बंद होत असेल, तर बोर्डवरून 'पॉवर स्विच'ची वायर काढा आणि त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर टेकवून सुरू करा. टिकलं तर दोष बटणाचा. दुसरं, मदरबोर्डखालचे पितळी ठोकळे. एखादा चुकीच्या जागी राहिला, की तो बोर्डाला मागून टेकतो आणि शॉर्ट करतो. तिसरं, रॅम. रॅमचा दोष सहसा निळ्या स्क्रीनने किंवा रिस्टार्टने दिसतो. एक्सएमपी बंद करून आणि 'मेमटेस्ट८६' रात्रभर चालवून खात्री करा.

आता कॅबिनेटच्या बाहेर या. परदेशी व्हिडिओंमध्ये हा भाग जवळजवळ नसतोच, आणि आपल्याकडे अर्धी उत्तरं इथेच सापडतात. एक्स्टेंशन बोर्डात प्लग सैल बसतो का? तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जागेत कसा तरी घुसवलाय का? अर्थिंग आहे का? कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर अर्थिंग नाही असं समजा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. एसएमपीएसमधला फिल्टर थोडी वीज अर्थकडे सोडत असतो. अर्थ नसला की ती पत्र्यावर येते.

आणि इन्व्हर्टर. आठवड्याने भाच्याने वहीचा फोटो पाठवला. नऊ नोंदी. नऊच्या नऊ रेंडर चालू असताना. पण त्यांतल्या आठ संध्याकाळी सात ते नऊच्या मधल्या. दुपारी केलेली चार रेंडर सुखरूप पार पडली होती. भार तोच, मशिन तेच, दुपारी गरमी उलट जास्त. मग मदरबोर्डला घड्याळ कळतं का? मी विचारलं, 'त्या वेळी लाइट जातात का?' तो म्हणाला, 'नाही मामा, दिवे चालू असतात, वायफायपण चालू असतं.' फोन स्पीकरवर होता. मागून त्याची आई म्हणाली, 'अरे, तो इन्व्हर्टर टक-टक करतो की तेव्हा. जिन्याखाली. मला स्वयंपाकघरात ऐकू येतं.'

तिथे गाठ सुटली. संध्याकाळी त्यांच्या भागात वीज एखाद-दोन सेकंदांसाठी जात होती. इन्व्हर्टर लगेच भार उचलायचा, म्हणून दिवे गेलेले कुणाला दिसायचेच नाहीत. पण उचलताना मध्ये एक फट राहते. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक छोटा स्विच असतो: 'नॉर्मल' आणि 'यूपीएस'. नॉर्मलवर तो कमी-जास्त व्होल्टेज चालवून घेतो, पण बॅटरीवर जायला वेळ लावतो, ३०-४० मिलिसेकंदही लागू शकतात. यूपीएसवर तो चोखंदळ असतो, पण साधारण १०-१५ मिलिसेकंदांत उडी मारतो. पंख्याला, दिव्याला हा फरक कळत नाही. कॉम्प्युटरला कळतो.

का कळतो? एसएमपीएसच्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठलेली असते. बाहेरून वीज तुटली, तर मोठ्या भारावर ती साधारण १६-१७ मिलिसेकंद पुरावी अशी प्रमाणाची अपेक्षा आहे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे एका आवर्तनाहूनही कमी. पण भार कमी असेल, तर तीच साठवण जास्त पुरते. घागर तीच, तोटी बारीक केली की पाणी जास्त वेळ टिकतं. भाच्याचं मशिन मेल बघताना साधारण ८० वॅट ओढायचं, तेव्हा साठवण ती फट सहज ओलांडायची. रेंडरला तेच ३०० वॅटच्या आसपास, आणि साठवण फटीच्या आतच संपायची. म्हणून 'फक्त रेंडरला बंद पडतो'. हे लक्षण ऐकून कुणीही एसएमपीएसवर आणि बोर्डवर बोट ठेवेल. वायफायच्या राउटरचा भार इतका किरकोळ, की त्याला पत्ताच लागायचा नाही.

पण हा अजून अंदाजच होता. त्याला म्हटलं, सगळं काम सेव्ह कर, एक जुनं, निरुपयोगी प्रोजेक्ट रेंडरला लाव, आणि इन्व्हर्टरकडे जाणारा मेन्सचा स्विच बंद कर. पहिल्याच वेळी मशिन काळं. मग इन्व्हर्टरचा स्विच यूपीएसवर केला आणि तेच तीनदा केलं. तिन्ही वेळा रेंडर चालू राहिलं. आजार हवा तेव्हा आणता आला आणि हवा तेव्हा थांबवता आला, तेव्हाच निदान पक्कं झालं. चौदा हजार वाचले. लग्नाचा व्हिडिओ त्या शनिवारी गेला, आणि अडकलेले पैसे सुटले. पुढे त्याने कॉम्प्युटरसाठी वेगळा छोटा यूपीएस घेतला, तेही योग्यच केलं. तो घेताना मात्र सक्रिय पीएफसी असलेल्या एसएमपीएसशी त्याचं जमतं का ते विचारून घ्या. साइन वेव्ह असेल तर उत्तम.

प्रत्येकाचा दोष इन्व्हर्टरमध्येच निघेल असं मी म्हणत नाही. तुमच्याकडे खुंटी सैल असेल, किंवा एसएमपीएस खरोखरच गेलेला असेल. क्रम मात्र हाच ठेवा. आधी फुकटच्या तपासण्या: इव्हेंट व्ह्यूअर, वही, तापमानाची फाइल, प्लग, केबल, बटण. मग उसनवारीच्या: मित्राचा एसएमपीएस त्याच्याच केबलांसह लावून बघणं, दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर चालवून बघणं, ग्राफिक्स कार्ड काढून प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर चालवणं, अर्थात तुमच्या प्रोसेसरला ते असेल तर. शेवटी विकतच्या. आणि एका वेळी एकच बदल. एसएमपीएस, रॅम आणि पेस्ट एकाच दिवशी बदललं आणि मशिन सुधारलं, तर कशाने सुधारलं ते कधीच कळणार नाही.

हिरवी आणि काळी वायर जोडून एसएमपीएसचा पंखा फिरवून दाखवणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्या चाचणीने डबा सुरू होतो एवढंच कळतं, ३०० वॅटच्या भाराखाली तो टिकतो का ते कळत नाही. दुकानदाराने तेवढ्यावर 'एसएमपीएस ओके' म्हटलं, तर भार देऊन दाखवा असा आग्रह धरा.

दुकानात जायची वेळ आलीच, तर वही सोबत न्या. 'बंद पडतो' असं म्हणू नका. 'भार पडल्यावर वीस मिनिटांनी, खटकन, ७८ अंशांवर, ४१ नोंद, बगचेककोड शून्य, मागचा स्विच न हलवता पुन्हा सुरू' असं सांगा. समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या पद्धतीने बोलायला लागेल, आणि एखादा भाग सहज माथी मारणं त्याला अवघड जाईल.

तुमच्याकडे असं मशिन असेल, तर आजच पहिली नोंद घाला. व्हिडिओखाली प्रश्न विचारताना ते पाच रकाने भरून पाठवा, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल. पुढच्या भागात हार्ड डिस्क मरायच्या आधी कोणत्या खुणा देते ते पाहू. तोवर महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवून द्या.